लाल कप

तृप्ती बोरकुटेचा आवाज काही लहान नव्हता. कॉलेजात तिनं वादविवादाच्या ढाली जिंकल्या होत्या, आणि आजही तिसऱ्या मजल्यावरून तिनं हाक मारली की खालच्या भाजीवाल्याची गाडी जागच्या जागी थांबायची. पण ‘उबारा मेडिकल’च्या मीटिंगमध्ये तोंड उघडलं की त्याच आवाजाचं पाणी व्हायचं. ती बोलायची, लोक ऐकल्यासारखं करायचे, कोणीतरी बिस्किट चहात बुडवायचं आणि विषय पुढे सरकायचा. थोड्या वेळानं अभिजित सातपुते खुर्चीत मागे रेलून तेच म्हणायचा, अगदी तेच, आणि टेबलाभोवतीच्या माना हलायच्या. कष्ट तिचे, कौतुक त्याचं. हे इतक्यांदा झालं होतं की तृप्तीला आता राग येण्याआधीच थकवा यायचा.

नागपूरजवळ बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत ही कंपनी होती. ती नवजात बाळांसाठी वॉर्मर बनवायची. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही. त्याला वरून बेताची उष्णता देणारा पाळणा म्हणजे वॉर्मर. हे काम तृप्तीला मनापासून आवडायचं. फक्त ते करताना आपण भिंतीला टेकून ठेवलेल्या छत्रीसारख्या आहोत, असं वाटू नये, एवढीच तिची इच्छा होती. आपलं कोणीतरी ऐकावं.

तसं ऐकणारा एक माणूस होता. मधुकरभाऊ डोंगरवार निवृत्तीला आलेले सीनियर इंजिनिअर, तोंडाचे फटकळ, साहेब लोकांना नकोसे. अभिजितनं तृप्तीचा मुद्दा स्वतःच्या नावावर खपवला की ते चष्म्यावरून सगळ्यांकडे बघायचे. “काहून जी, आत्ता तृप्ती हेच सांगून राहिली होती, तवा तुमचे कान कुठं चरायले गेले होते?”

उबारात एक जुनी रीत होती. कंपनी सुरू करणाऱ्या खोब्रागडे सरांनी ती घालून दिली होती. त्यांच्या पहिल्याच वॉर्मरमधली खोट एका नर्सच्या लक्षात आली होती, आणि ती सांगायला आली तेव्हा चार शहाण्या इंजिनिअरांनी तिला चहा पाजून परत पाठवलं होतं. त्याची शिक्षा म्हणा, प्रायश्चित्त म्हणा, तेव्हापासून डिझाइनच्या प्रत्येक मीटिंगला सगळ्यांचा चहा पांढऱ्या कपांत यायचा आणि एकाचा लाल एनॅमलच्या, काठाचा टवका उडालेल्या कपात. ज्याच्या हाती लाल कप, त्यानं त्या दिवशी विरोध करायचा. प्रस्ताव पटला तरी खोट शोधायची. त्याच्यावर कोणी रागवायचं नाही, आणि त्याच्या शंकेचं उत्तर मिळेपर्यंत आराखड्यावर सही व्हायची नाही. मीटिंग संपली की कप धुऊन पुढच्या वेळी तो कोणाला द्यायचा, हेही त्यानंच ठरवायचं. मधुकरभाऊ घरीसुद्धा लाल कपातूनच चहा पितात आणि बायकोच्या भाजीतही खोट काढतात, असं पोरं म्हणायची. भाऊंना ते आवडायचं.

त्या दिवाळीत ‘अग्रणी’ बाजारात आलं.

हरभऱ्याच्या डाळीएवढं एक यंत्र कानात बसायचं आणि त्याचा डोळा चष्म्याच्या दांडीत असायचा. माणसं नेता निवडतात ती विचार करून नव्हे, हे मानसशास्त्रवाले बऱ्याच काळापासून सांगत होते. आवाज वाक्याच्या शेवटी खाली उतरतो की वर चढतो, मतभेद झाला की सगळ्यांच्या नजरा कोणाकडे वळतात, अशा बारीकसारीक गोष्टींवर मेंदू आपला कौल देऊन मोकळा होतो आणि कारणं नंतर जुळवतो. अग्रणी बनवणाऱ्यांचा शोध याच्या एक पाऊल पुढचा होता. त्यांनी शंकेचा अभ्यास केला होता. त्यांना असं आढळलं की मनात आलेली शंका माणूस लगेच बोलत नाही. आधी त्याचे ओठ किंचित आवळले जातात, श्वास आत घेतला जातो आणि नजर इतरांच्या चेहऱ्यांवरून फिरते. शंका सोबती शोधत असते. त्या क्षणी जर कोणी शांतपणे त्या माणसाचं नाव घेतलं, तुमच्या मनात काळजी आहे हे मला ठाऊक आहे, असं म्हटलं, तर शंकेला सोबती मिळतो आणि ती खाली बसते. तिला उत्तर मिळालेलं नसतं. पण मेंदूला ओळख आणि उत्तर यांतला फरक त्या वेळी कळत नाही.

तो क्षण माणसाच्या डोळ्यांना दिसण्याइतका मोठा नसतो. यंत्राला दिसतो. अग्रणी कानात तीनच गोष्टी सांगायचं: थांब. खाली, म्हणजे आवाज उतरव. आणि नाव घे.

तृप्तीनं ते घेतलं तेव्हा तिला चोरी केल्यासारखं वाटलं, हे खरं. पण अभिजित सातपुतेला उंची आणि घोगरा आवाज फुकट मिळाला होता आणि त्याला कधी चोरी वाटली नव्हती. पहिल्या मीटिंगमध्ये तिनं एक वाक्य बोलून यंत्राच्या सांगण्यावरून नुसता श्वास घेतला. खोली गप्प झाली. बिस्किट चहावर तसंच अधांतरी राहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तृप्तीच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मीटिंग संपल्यावर मधुकरभाऊंनी तिच्या पाठीवर थाप मारली. “आज बोलली पोरगी! मी म्हणून राहिलो होतो ना, तुझ्यात दम आहे.”

पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती विभागप्रमुख झाली होती. अभिजितनंही म्हणे अग्रणी घेतलं, पण त्याला उशीर झाला होता. दोघांच्याही कानात एकाच वेळी ‘थांब’ आलं आणि एक अख्खी मीटिंग चहा निवेपर्यंत मुक्यानं पार पडली, एवढीच त्याची कमाई. लोकांच्या नजरा एकदा तृप्तीकडे वळायला शिकल्या होत्या, त्या परत फिरल्या नाहीत. अभिजितनं पुण्याला बदली मागून घेतली. तृप्तीला आनंद झाला, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही.

घरीही तिच्या लक्षात न येता बोलणं बदललं. दिवाळी वर्ध्याला सासरी की चंद्रपूरला माहेरी, या प्रश्नावर ती आणि अमोल लग्नापासून भांडत आले होते. भांडण असं रंगायचं की शेजारीण पुढच्या दिवशी निकाल विचारायची. या वर्षी तृप्ती म्हणाली, “अमोल, आईंना वाईट वाटेल असं तुला वाटतंय, हो ना?” आणि थांबली. अमोल म्हणाला, चंद्रपूरला जाऊ. इतकंच. तृप्ती बॅग भरायला लागली, आणि भांडण जिंकल्यावर अमोलच्या फुगलेल्या तोंडाकडे बघून जे हसू यायचं ते काही आलं नाही.

मग नव्या वॉर्मरची मीटिंग झाली.

वॉर्मरमधल्या बाळाच्या पोटावर एक सेन्सर चिकटवलेला असतो. बाळ गार पडलं की तो यंत्राला सांगतो आणि उष्णता वाढते. सेन्सर निघाला की गजर वाजायला हवा आणि उष्णता तुटायला हवी. जुन्या वॉर्मरचा गजर फार हळवा होता. बाळाला दूध पाजायला उचललं तरी कोकलायचा. नर्सेस वैतागून तो बंदच करून ठेवायच्या. तृप्तीचा उपाय साधा होता: सेन्सर सुटल्यावर यंत्रानं काही मिनिटं वाट पाहावी, मगच गजर द्यावा आणि उष्णता तोडावी. चाचण्या उत्तम झाल्या होत्या. ती मन लावून केलेलं काम घेऊन उभी होती.

लाल कप मधुकरभाऊंच्या हातात होता. त्यांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, ओठ आवळले आणि टेबलाभोवती नजर फिरवली.

‘नाव घे,’ कान म्हणाला.

भाऊ काय बोलणार आहेत हे तृप्तीला ठाऊक नव्हतं. तिनं विचारलंही नाही. जे पहिलं सुचलं तेच ती आवाज उतरवून म्हणाली, “मधुकरभाऊंना उन्हाळ्याची काळजी आहे, आणि ती रास्तच आहे. आपल्याकडचा उन्हाळा भाऊंनी आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त पाहिलाय. ती काळजी ध्यानात ठेवूनच आपण ही वेळ ठरवलीय.” आणि ती थांबली.

भाऊंच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लाल कप हातात असलेला माणूस म्हणाला, “माझं काही म्हणणं नाही, मॅडम.” सह्या झाल्या. भाऊ आपल्याला मॅडम म्हणाले, हे तृप्तीला गाडीत बसल्यावर आठवलं. तिला ते मानाचं वाटलं.

मे महिन्यात फोन आला. आडवळणाच्या एका छोट्या दवाखान्यात उबाराच्या नव्या वॉर्मरमध्ये एक मुलगी भाजली होती. तृप्ती तशीच निघाली. डांबर वितळवणाऱ्या उन्हातून ती पोहोचली तेव्हा दवाखान्याच्या दारातच तिला ओल्या वाळ्याचा वास आला, आणि त्या वासाबरोबर तिला सगळं कळलंच.

खोलीच्या खिडकीत कूलर होता. विदर्भात उन्हाळ्यात प्रत्येक घरात असतो तसा, पत्र्याचा, धडधडणारा. त्याचा थंड वारा थेट वॉर्मरवर येत होता. बाळाच्या पोटावरून निसटलेला सेन्सर त्या वाऱ्यात गार पडला होता. यंत्राला वाटलं, बाळच गार पडलं. ते उष्णता वाढवत गेलं, आणि गजर शिकवल्याप्रमाणे शहाण्यासारखा वाट पाहत राहिला. चाचण्या झाल्या होत्या त्या उबाराच्या एसी प्रयोगशाळेत. तिथल्या प्रत्येक इंजिनिअरच्या घरी कूलर होता. होळी झाली की प्रत्येकजण वाळ्याच्या ताट्या बदलायचा, पाण्याचा पंप दुरुस्त करायचा, त्याच वाऱ्यात झोपायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

मुलगी जगणार होती. छातीपासून पोटापर्यंतची कातडी मात्र गेली होती. तिची आई भिंतीकडे तोंड करून निजली होती.

तरुण नर्स हात जोडून पुढे आली. “मॅडम, बाळंतिणी उकाड्यानं चक्कर येऊन पडत होत्या, म्हणून कूलर इकडं वळवला होता. मी दुधाच्या बाटल्या आणायले गेली होती. यंत्र काहून तापून राहिलं ते कळलंच नाही जी.” तिनं ओठ आवळले. तिची नजर तृप्तीच्या चेहऱ्यावर आली. ती विचारणार होती, तुमचा गजर का वाजला नाही?

‘थांब,’ कान म्हणाला, आणि तृप्ती सवयीनं थांबली.

त्या शांततेत नर्सची मान खाली गेली. “आमचीच चूक झाली, मॅडम,” ती म्हणाली.

तृप्तीनं चष्मा काढला, कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं. ती म्हणाली, “नाही गं, चूक आमची आहे. माझी आहे.” नर्सनं डोळे पुसले आणि ती म्हणाली की इतकी मोठी बाई असून तुम्ही असं म्हणता, हा तुमचा मोठेपणा. तृप्तीला तिथंच किंचाळावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती मधुकरभाऊंच्या घरी गेली. अंगणात भाऊ लुंगी नेसून बसल्या बसल्या कूलरमध्ये पाणी भरत होते. तिला बघून ते उठून उभे राहिले. पूर्वी ती आली की बसल्या जागेवरून ओरडायचे, चहा ठेव गं, भुकेली आली आहे पोरगी.

“भाऊ, त्या दिवशी तुम्ही काय बोलणार होतात?”

भाऊंनी पाण्याच्या पाइपाकडे पाहिलं. “कूलर,” ते म्हणाले. “म्हटलं, सेन्सर कूलरच्या हवेत आला तर काय होईन? हिशोबही करून ठेवला होता डोक्यात. मंग तुम्ही उन्हाळ्याचं बोलल्या. मले वाटलं, उन्हाळा आला म्हणजे कूलर त्यात आलाच.”

तृप्ती पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. यंत्र दाखवलं. तुमची शंका मला ठाऊकच नव्हती, मी फक्त तुमचं नाव घेतलं, तुम्हाला फसवलं, म्हणाली. शिव्या द्या मला. भाऊ, तुम्ही एकटेच माझं ऐकत होतात, आणि मी तुमचंच तोंड बंद केलं.

भाऊंनी ती डाळ तळहातावर घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली. ते अगदी मायेनं बोलले, आणि तेच तिला सोसवलं नाही. “असं मनाले लावून घेऊ नका. मशीन काही का सांगेना, तुमचं म्हणणं मले खरंच पटलं होतं. अजूनही पटते.”

“मला तू म्हणा ना, भाऊ.”

“असं कसं, मॅडम.”

तृप्तीनं चौकशी समितीपुढे सगळा दोष स्वतःवर घेतला. वॉर्मर परत मागवले, गजराची वाट पाहणं काढून टाकलं, मुलीच्या उपचारांचा भार कंपनीवर घातला. आपण कानात काय घालत होतो, हेही सांगितलं. समितीतले लोक भारावले. इतका प्रांजळपणा त्यांनी पाहिला नव्हता. मोठ्या साहेबांनी तिच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि महिन्याभरात सगळा कारखाना तिच्या हाताखाली दिला. नेतृत्व असावं तर असं, असं पत्रकात छापून आलं.

अग्रणी तिनं केव्हाच फोडून टाकलं होतं. तरी तिच्यासमोर कोणाला शंकाच येईना, म्हणून तिनं ते बनवणाऱ्या कंपनीतल्या शास्त्रज्ञ बाईंना गाठलं. त्या मोकळेपणानं बोलल्या. शंका घेणं हा मेंदूला फार महाग पडणारा उद्योग आहे, म्हणाल्या. कोणाच्या तरी समोर ती शंका वारंवार आयती निवली, की मेंदू त्या माणसासमोर ती उगवूच देत नाही. न वापरलेली पायवाट गवतात बुजते तसं. यंत्र होतं ते फक्त तुम्हाला आणि त्यांना शिकवण्यापुरतं. शिकवून झालंय. तृप्तीनं विचारलं, हे उलटं कसं करायचं? बाई म्हणाल्या की हा प्रश्न त्यांना अजून कोणत्याच ग्राहकानं विचारलेला नाही.

मधुकरभाऊंच्या निवृत्तीआधीची शेवटची मीटिंग आली. आधीच्या वेळच्या कपवाल्याला सुचवून लाल कप त्यांच्याकडे येईल असं तृप्तीनं मुद्दाम पाहिलं होतं. त्या दिवशी तिनं ठरवून एक खोटा प्रस्ताव मांडला. कूलरचा वारा लागू नये म्हणून सेन्सरवर एक प्लास्टिकची टोपी बसवायची, आणि प्लास्टिक तिनं असं निवडलं होतं, जे वॉर्मरच्या उष्णतेत मऊ पडून बाळाच्या कातडीला चिकटेल. अशा प्लास्टिकचं काय होतं, हे तिला ती नवीन नोकरीला लागली तेव्हा भाऊंनीच शिकवलं होतं, तिच्या हातातला तुकडा हिटरखाली धरून, वर चार शिव्या घालून.

प्रस्ताव मांडताना ती भराभर, अडखळत, वाक्याचे शेवट उंच चढवत बोलली. यंत्रानं शिकवलेलं सगळं तिनं उलटं केलं. मग भाऊंकडे पाहत राहिली. बोला, भाऊ. एकदा बोला. कान कुठं चरायला गेले माझे, विचारा.

टेबलाभोवती माना हलल्या, दारी आलेल्या नंदीबैलाच्या हलतात तशा. भाऊंनी लाल कपातला चहा संपवला आणि त्यांचीही मान हलली. “चांगलं आहे जी,” ते म्हणाले. “साधं नि सोपं.”

“ते प्लास्टिक वितळेल,” तृप्ती म्हणाली. “बाळाला चिकटेल. हा प्रस्ताव धोकादायक आहे. मी चुकीचं सांगत होते.”

क्षणभर सगळे तिच्याकडे बघत राहिले. मग माना पुन्हा हलल्या, तितक्याच आणि तशाच. कोणीतरी वहीत लिहून घेतलं. मधुकरभाऊ म्हणाले, “हाव, हेही बरोबर आहे.” त्यांच्या डोळ्यांत तिच्याबद्दल नुसतं कौतुक होतं.

तृप्ती खाली बसली. खोलीतले सगळे तिचं ऐकत होते. अक्षर न् अक्षर ऐकत होते.

मीटिंग संपली. भाऊ बेसिनपाशी गेले, लाल कप विसळला, रुमालानं पुसला आणि तो घेऊन तिच्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले. उद्यापासून ते येणार नव्हते.

“मॅडम, आता हा कोणाले देऊ?”

“रीत तुम्हाला ठाऊक आहे, भाऊ,” तृप्ती म्हणाली. “ज्याच्या हातात कप, त्यानंच ठरवायचं. तुम्हाला वाटेल त्याला द्या.”

भाऊंनी कप हातात फिरवला. खोलीतल्या एकेकाकडे पाहिलं. मग त्यांची नजर सवयीनं तिच्यावर येऊन थांबली.

“तुम्ही म्हणाल त्याले,” ते म्हणाले.